टोलीच्या नळाला रंग येईना

कागदावर आमच्या गावात ‘हर घर जल’ आलं, तेव्हा टोलीतल्या बाया बोअरिंगवरच पाणी भरत होत्या. कागद खोटा होता असं नाही. प्रत्येक घरापुढे तोटी उभी होती, तिचा फोटो निघाला होता, नोंद वरपर्यंत गेली होती. पण जल जीवन मिशनमध्ये नोंद वेगळी आणि प्रमाणित होणं वेगळं. ही दुसरी पायरी साहेबाच्या सहीनं चढता येत नाही. सगळ्या घरांना, शाळेला, अंगणवाडीला नियमित आणि पिण्याजोगं पाणी मिळतं, माणशी रोज 55 लिटर, असा ठराव ग्रामसभेनं करायचा असतो आणि त्याचं चित्रीकरण पाठवायचं असतं. पाणी पिण्याजोगं आहे हे कोणी सांगायचं, तर पेटी ज्यांच्या हातात आहे त्यांनी. आमच्या गावात ती पेटी माझ्याकडे होती.

मी रामटेकची माहेरवाशीण, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मनसरहून देवलापारकडे जाताना महामार्ग सोडून आत शिरलं की आमचं गाव लागतं. पाणी तपासायला गावागावांतून पाच-पाच बायांना शिकवायचं ठरलं, तेव्हा सरपंचांनी पहिलं नाव माझं लिहिलं. “वहिनी शिकलेल्या आहेत, त्यांना जमते.” प्रशिक्षणात एक पेटी मिळाली: सामू, गढूळपणा, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि उरलेला क्लोरीन तपासायच्या बाटल्या, रंगांचे तक्ते. शिवाय जंतूंसाठी छोट्या वाइल. वाइलमध्ये पाणी घालून ठेवायचं. काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संशय.

आमच्या भागाला पाण्याची कमी आहे असं बाहेरच्याला वाटणार नाही. खिंडसी तलाव जवळ, पेंचचे कालवे जवळ, जागोजागी जुने मालगुजारी तलाव. पण ते पाणी धानाचं. माणसांनी आपली विहीर नाहीतर बोअरिंग गाठायचं, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे रांगा. रामटेकचा माणूस पाण्यावर लिहायला बसला की मेघदूत आणतोच. मी तो मोह टाळते, यक्षाला हंडा उचलावा लागला नव्हता.

नळयोजनेची नवी टाकी आठवडाभर भरून ठेवली, बाहेरून ओल कुठे दिसते का पाहिलं. पाइपलाइनला नेहमीपेक्षा दीडपट दाब दिला, सांधे टिकले. ही कामं अभियंत्यांची, त्यांनी ती नीट केली. माझा संबंध सुरू झाला तो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरपासून.

नव्या टाकीत आणि नव्या पाइपात माती असते, कामगारांचे हात लागलेले असतात, कधी आत उंदीरही शिरलेला असतो. म्हणून पहिलं पाणी पिण्यासाठी सोडायचंच नसतं. त्यात जबर क्लोरीन मिसळून सगळी लाइन भरायची, दिवसभर तशीच ठेवायची आणि मग ते पाणी वाहून टाकायचं. लिटरला 50 मिलिग्रॅम या हिशेबानं 60 हजार लिटरच्या टाकीला 3 किलो निव्वळ क्लोरीन लागतो. टीसीएलमध्ये तो ताजेपणी 33 टक्क्यांच्या आसपास, पण पोतं ओलसर खोलीत पडलं की ताकद उडून जाते. 20 टक्क्यांच्या खालची पावडर वापरू नये असा नियम आहे. आमचं पोतं 25 टक्क्यांचं भरलं, म्हणजे 12 किलो. कोतवालानं डोंडी पिटली की उद्या कोणी तोटी उघडू नका, ढोरांनाही पाजू नका. तरी एकानं उघडलीच आणि नाक दाबून माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तर चहासारखं तांबूस. माझ्या पोटात गोळा आला. मनसर मॅंगनीजच्या खाणींचं गाव, आणि पाण्यात विरघळलेलं मॅंगनीज क्लोरीन मिळाला की तपकिरी, काळपट होऊन दिसू लागतं. लिटरला 0.1 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3. आमच्या पेटीत मॅंगनीजची बाटलीच नव्हती. मी प्रयोगशाळेचा हट्ट धरला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “मॅडम, माती आहे ते, दोन दिवसांत साफ होते.” मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “तो म्हणते तर खरंही असंल. पण तू जाऊन ये.”

नमुना नेणं हेही एक शास्त्र आहे. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक, तिच्यात थायोसल्फेट घातलेलं, म्हणजे क्लोरीन वाटेतच जंतू मारत बसत नाही आणि नळावरची खरी स्थिती कळते. तोटी स्पिरिटच्या बोळ्यानं भाजून घ्यायची, थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. नंतर ती बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायची. रामटेकच्या बाजारात मासळीवाल्याकडून बर्फ घेतला आणि नागपूरच्या एसटीत बसले. शेजारच्या बाईनं डबा हुंगून विचारलं, “खिंडसीची आहे का वं? काय भाव दिली?” मी म्हटलं, पाणी आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोलणं झालंच नाही.

मॅंगनीज मर्यादेत निघालं. तांबूस रंग मातीचाच होता. ठेकेदाराचा माणूस दोन दिवस छाती काढून फिरला.

मग आली टोली. गावाच्या टोकाला, नाल्यापलीकडे गोंड कुटुंबांची घरं, लाइनचं शेवटचं टोक. रोजचा क्लोरीन सुरू झाल्यावर मी टाकीखालच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकले की पाणी छान पिवळं व्हायचं. चौकातही. टोलीत मात्र काहीच नाही, पांढरं ते पांढरंच. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तो उरत नाही याचा अर्थ वाटेत काहीतरी त्याला खातं आहे. मी वाइल भरली. जानेवारीच्या थंडीत जंतू सुस्त असतात, म्हणून ती चुलीजवळच्या फळीवर उबेला ठेवली. सकाळी काळी.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा ठरलेला, मंडप सांगून झालेला. सरपंच घरी आले. “वहिनी, नव्वद टक्के गाव ओके आहे ना? टोलीचं मागून करू.”

“भाऊ, ठरावात ‘सगळी घरं’ असं लिहिलं आहे. टोली वगळून सही मागत असाल तर तसं लिहा, मी करते.”

तसं लिहिता येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चहा पिऊन ते गेले. त्या सभेत झेंडावंदन झालं, ठराव झाला नाही, आणि काही घरांतून मला बरंच ऐकावं लागलं. टोलीच्या पायात अख्खं गाव अडवलं म्हणे. खरं तर टोलीनं गावाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

नकाशात टोलीच्या टोकाला वॉशआऊट वॉल दाखवला होता. साचलेला गाळ तिथून बाहेर सोडायचा. जागेवर वॉल कुठे दिसेना. लाइन टाकल्यानंतर तिथे सिमेंटचा रस्ता झाला होता. ठेकेदाराचा माणूस एक जागा दाखवायचा, वॉलमन दुसरी. शेवटी टोलीतल्या एका म्हाताऱ्या आजीनं काठी टेकून सांगितलं, “इथं खड्डा होता. माही शेळी पडली होती त्याच्यात, मले याद नाही राहील का?” रस्ता फोडला. वॉल तिथेच होता, बंद. उघडला तेव्हा काळा गाळ, दोऱ्याचे तुकडे आणि सडका पाला आला. लाइन पुन्हा क्लोरीननं भरली, पुन्हा वाहवली. ओटीला पिवळा रंग आला, सलग दोन वाइल स्वच्छ राहिल्या, प्रयोगशाळेतही जंतू निघाले नाहीत. तेव्हा मी रजिस्टरवर सही केली.

आजीला मात्र नळाचं पाणी आवडलं नाही. “दवाखान्याचा वास येते बाई.” मी म्हटलं, भरून झाकून ठेवत जा, ओगराळ्यानं काढा, हात बुडवू नका. वासाची सवय होईल. ती म्हणाली, “बोअरिंगलेही नव्हता आवडत आधी.”

ठराव मग खास ग्रामसभेत झाला. टोलीतल्या एका मुलीनं तो वाचला, पोरांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. मी दोन ओळी जादा घालायला सांगितल्या: टीसीएल संपायच्या आत घेऊन कोरड्या जागी ठेवायचं, आणि टोलीचा वॉल दर पंधरवड्याला उघडायचा. ग्रामसेवक म्हणाले, “नमुन्यात हे बसत नाही.” सरपंच म्हणाले, “लिहा, जागा आहे खाली.” मग मागून कोणीतरी विचारलं की मोटरचं वीजबिल कोण भरणार, आणि पाणीपट्टीवर सभा दुपार टळेपर्यंत चालली.