डाव्या हाताची रेघ

टॉमस अलॉयशियस डॉर्गन हा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरचा. जन्म १८७७ चा. तेरा वर्षांचा असताना एका अपघातात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मुलाने पेन्सिल डाव्या हातात धरली आणि चौदाव्या वर्षी तो एका वर्तमानपत्रात कामास लागला. चित्राखाली तो आपल्या नावाची आद्याक्षरे लिही : ‘टॅड’.

१९०५ च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या ‘जर्नल’ पत्रात होता. मुष्टियुद्धाच्या रिंगणाजवळ बसून तो सामन्याचा वृत्तान्त लिही आणि चित्रेही काढी. पण मला त्याची ‘घरातले खेळ’ ही चित्रमाला अधिक प्रिय. कचेरीतली नि घरातली साधी माणसे, त्यांच्या बढाया, त्यांच्या लबाड्या! जणू तेही सामनेच.

या टॅडची एक गोष्ट मी वर्गात कितीतरी वर्षे रंगवून सांगत असे. १९०१ साली न्यूयॉर्कच्या मैदानावर एक विक्रेता पावात घातलेली गरम सॉसेजे विकत होता. टॅडने चित्रात सॉसेजच्या जागी एक लांबोडा जर्मन कुत्रा काढला. त्या जातीचे अवघड नाव लिहिता येईना, म्हणून खाली ‘हॉट डॉग’ असे लिहिले, आणि तेच नाव रूढ झाले! मुले खदखदून हसत.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, ते चित्र कुठे पाहायला मिळेल?”

“शोधून सांगतो,” मी म्हणालो.

शोधू लागलो, तो काय! तसे चित्र कोणालाच सापडलेले नव्हते. १९०१ मध्ये टॅड सॅन फ्रान्सिस्कोतच होता, आणि ‘हॉट डॉग’ हा शब्द त्याआधीच छापला गेला होता. टॅडच्या चित्रात तो आला खरा, पण १९०६ मध्ये, सायकलींच्या शर्यतीच्या वेळी.

पुढच्या तासाला मी वर्गापुढे चूक कबूल केली. सोपे नव्हते ते. मुख्याध्यापकाला तर नाहीच. मुले हिरमुसली. मग मी त्यांना खरा टॅड सांगितला : हृदयविकाराने घरीच राहणे भाग पडले, तरी १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रे काढीत राहिलेला. तीन बोटांची हकीकत ऐकताना वर्ग अगदी शांत होता.

तास संपला तेव्हा निम्मी मुले डाव्या हाताने वहीत रेघा ओढून पाहत होती. मीही खडू डाव्या हातात घेतला. रेघ वाकडी आली.