धक्क्याचा हिशेब

एक वस्तू दुसरीवर आदळून थांबली की तिची गती संपली असे डोळ्यांना वाटते; परंतु त्या गतीत एक राशी अशी असते की जी टकरीत नष्ट होत नाही, केवळ एका वस्तूकडून दुसरीकडे जाते. वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, आणि वेगाला दिशा असल्यामुळे संवेगालाही दिशा असते. त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तूंचे संवेग एकत्र मोजताना त्यांची बेरीज न होता वजाबाकी होते. बाहेरून दुसरे बल लागत नसेल तर टकरीपूर्वीचा एकूण संवेग आणि टकरीनंतरचा एकूण संवेग समान राहतो, हा संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत महाराष्ट्रातील विद्यार्थी नववीच्या वर्गात शिकतात. माहूरच्या डोंगराळ मुलुखात वाढलेल्या माणसाच्या हातांना मात्र तो वर्गात येण्यापूर्वीच ठाऊक झालेला असतो, आणि पुढे आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत तो त्याला भेटत राहतो.

त्याची पहिली भेट गोट्यांच्या खेळात होते. नेम धरून उडवलेली काचेची गोटी दुसऱ्या तेवढ्याच गोटीला अगदी मधोमध लागली, तर मारणारी गोटी जवळपास जागीच थांबते आणि मार खाणारी साधारण त्याच वेगाने पुढे निघून जाते. आघात किंचित कडेला लागला, तर दोन्ही गोट्या दोन दिशांना फाकतात आणि त्यांच्या मार्गांमधला कोन काटकोनाच्या आसपास असतो. सराईत मुलगा हा कोन मोजत नाही, पण आपली गोटी कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज बांधूनच तो नेम धरतो. कॅरममध्ये हाच हिशेब असमान वजनांचा होतो. नियमानुसार स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि सोंगटी सुमारे 5 ग्रॅमची असते. तिप्पट वजनाचा स्ट्रायकर सोंगटीवर सरळ बसला की त्याचा निम्मा वेग त्याच्यापाशीच उरतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते, असे गणित सांगते. सोंगटीच्या मागोमाग स्ट्रायकरही भोकात जातो, याचे कारण बहुधा हा उरलेला निम्मा वेग हेच असते.

या सिद्धांताचे सर्वांत अर्थपूर्ण रूप मात्र माहूरच्या तांबुलात आहे. रेणुकामातेचा प्रसाद म्हणून भाविक जो विडा घेऊन जातात तो घडी घातलेला नसून कुटलेला असतो. नागवेलीची पाने, कात, सुपारी आणि इतर मसाला खलात घालून वरून बत्त्याचे घाव घातले जातात. प्रत्येक घावात खाली येणारा बत्ता थांबतो. त्याचा संवेग खलात, खलातून जमिनीत आणि अखेर साऱ्या पृथ्वीत उतरतो, पण पृथ्वीचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की तिला मिळालेला वेग कोणत्याही उपकरणाने मोजता येणार नाही. पान मात्र चेचले जाते ते ऊर्जेमुळे, आणि ऊर्जा व संवेग या दोन राशींमधला भेद इथे जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल. समजा, बत्ता 2 किलोचा आणि खल 18 किलोचा आहे, आणि घावानंतर दोन्ही क्षणभर एकत्रच सरकतात. तर संवेग जसाच्या तसा राहण्यासाठी दोघांचा मिळून वेग बत्त्याच्या मूळ वेगाच्या एक दशांश व्हावा लागतो, आणि अशा वेळी गतीच्या रूपातील ऊर्जाही एक दशांशच उरते. बाकीचे नऊ भाग पान चिरडण्यात, आवाजात आणि उष्णतेत जातात. खलही 2 किलोचाच असता तर निम्मी ऊर्जा नुसती त्याला हलवण्यातच खर्ची पडली असती. खल जड असावा आणि तो घट्ट जमिनीवर टेकवावा, गोधडीवर ठेवू नये, ही घरोघरची रीत म्हणजे या गणिताचेच उत्तर आहे. लोहाराची ऐरणही याच कारणाने हातोड्यापेक्षा कितीतरी जड असते. दात गेल्यावर ज्यांना पान कुटूनच खावे लागते अशा वृद्धांच्या हातातला लहानसा खलबत्ताही हाच नियम पाळतो, फक्त तिथे घाव अधिक घालावे लागतात.

बत्त्याच्या आघाताचा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. कणादांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात कर्माची, म्हणजे गतीची, चर्चा हात आणि मुसळ यांच्यापासूनच सुरू होते: हाताच्या संयोगाने मुसळ हलते, पण आदळल्यावर ते जे उसळते त्याला हाताचा प्रयत्न कारण नसून अभिघात, म्हणजे आघात, कारण आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. हे निरीक्षण अतिशय सूक्ष्म आहे. मात्र त्यात मोजमाप नाही, म्हणून संवेग अक्षय्यतेचा शोध त्या सूत्रांना बहाल करणे उचित नाही, आणि त्यांचे मोल ओळखण्यासाठी तसे करण्याची गरजही नाही. युरोपात देकार्तने 1644 मध्ये गतीचे एकूण परिमाण जगात कायम राहते असे मांडले, परंतु त्याने दिशा विचारात घेतली नाही आणि त्यामुळे त्याचे टकरींचे नियम चुकले. 1668 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींच्या नियमांचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी त्याची उत्तरे दिली, आणि 1687 मध्ये न्यूटनच्या ग्रंथात तो सिद्धांत गतीच्या नियमांना जोडला गेला.

नवरात्रात माहूरला रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्यांवर दाटी होते तेव्हा हाच संवेग माणसामाणसांतून वाहतो. मागच्या एकाचा झोक पुढच्याला, त्याचा त्याच्या पुढच्याला असा धक्का पोहोचत जातो. प्रत्येकाचे पाय जमिनीवर रेटा देऊन त्यातला काही भाग खाली उतरवतात, पण दाटी इतकी झाली की पाय रोवायला जागाच उरत नाही, तेव्हा मागचे सारे धक्के कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर एकवटतात. त्या माणसाला मागून ढकलणारा कोण हे कधीच कळत नाही, आणि ढकलणाऱ्यालाही आपला धक्का कुठवर गेला हे ठाऊक नसते.

घाटरस्त्यावर मात्र हिशेब अतिशय निष्ठुर असतो. 12,000 किलोची एसटी आणि स्वारासह 200 किलोची दुचाकी, दोन्ही ताशी 36 किलोमीटर वेगाने समोरासमोर येऊन एकमेकींना चिकटल्या असे धरले, तर बसचा वेग ताशी सुमारे 34.8 किलोमीटर होतो, तर दुचाकी त्याच वेगाने उलट दिशेला फेकली जाते. दोघींच्या संवेगातला बदल अगदी सारखा असतो, पण वेगातला बदल दुचाकीच्या वाट्याला 60 पट येतो. बसमधल्या प्रवाशाला हिसका बसतो आणि दुचाकीस्वाराचा जीव जातो. या हिशेबातला संवेग कोणालाही कमी करता येत नाही, तो बदलायला लागणारा वेळ मात्र वाढवता येतो, आणि वेळ जितका वाढेल तितके शरीरावरचे बल कमी होते: 70 किलोचा माणूस सेकंदाला 10 मीटर या वेगावरून सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला तर त्याच्यावर सरासरी 70,000 न्यूटन बल येते, दहाव्या भागात थांबला तर 7,000. हेल्मेटच्या आतला फोम दबतो तो डोक्याला हाच थोडा अधिक वेळ मिळवून देण्यासाठी. म्हणून दुचाकीने गड चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाने, मागे बसलेल्यानेही, हेल्मेट घालावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळावा; पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच डोक्यावरून निघून जाऊ शकते.