१०७चा शब्द

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. मागे दोन वायरी आणि पुढे एक हिरवा दिवा, एवढंच. ऑफिसातले सगळे १८ फोन त्याच्या भरवशावर आहेत. त्याच्यावर ॲस्टरिस्क नावाचं फोन एक्स्चेंज चालतं आणि त्याच्या पोटात 'पीजेसिप डॉट कॉन्फ' नावाची साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात खाली खाली गेलं की वसुली विभागाच्या फोनची जागा येते. युजरनेम १०७. त्याच्याखालच्या ओळीत 'पासवर्ड', बरोबरचं चिन्ह, आणि पुढे २४ अक्षरं. मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल.

शून्य ते नऊ आणि ए ते एफ, यापलीकडचं एकही अक्षर त्याच्यात नाही. तो वाचून दाखवता येत नाही, जीभ तिसऱ्या अक्षरालाच अडते. त्याच्यात कुणाच्या मुलीचं नाव नाही, गाव नाही, कुलदैवत नाही, जन्मसाल नाही. पासवर्डला आपण परवलीचा शब्द म्हणतो. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याला हळूच सांगायचा तो शब्द. तो माणसाच्या तोंडी राहायचा, म्हणून त्याला छोटं असणं भाग होतं. आमचा १०७चा शब्द मात्र जन्मल्यापासून एकदाही कुणी उच्चारलेला नाही.

मी तो फोनमध्ये भरत होतो तेव्हा वसुलीच्या टेबलावरच्या ताई शेजारी उभ्या होत्या. फोनचं सेटिंगचं पान माझ्या लॅपटॉपवर उघडलेलं होतं आणि पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके एकामागून एक वाढत होते.

"सर, एवढा मोठा? माझ्या कसा लक्षात राहायचा?"

"तुम्ही लक्षात ठेवायचाच नाही, ताई. फोन ठेवतो."

"मग मला कधी विचारणार नाही तो?"

"कधीच नाही."

त्या समाधानाने पावतीपुस्तकाकडे वळल्या. मी मात्र तिथेच थोडा थांबलो. व्हॉइसमेलचा चार आकडी पिन माणसासाठी असतो, तो बोटांनी दाबायचा असतो. हा शब्द दोन यंत्रांनी आपसात जपायचा आहे. माणसाच्या आठवणीचा भार त्याच्यावर नाही, म्हणून त्याला हवं तेवढं लांब आणि अर्थहीन होता येतं. 'सोपा ठेवा, विसरायला होतं' हे कारण त्याला लागूच पडत नाही. तरीही किती ऑफिसांत १०७चा पासवर्ड १०७च असतो.

त्याचं काम बघण्यासारखं आहे. फोन चालू झाला की ॲस्टरिस्कला निरोप धाडतो : मी १०७, मला नोंदवून घ्या. ॲस्टरिस्क पहिल्यांदा नाहीच म्हणतं. ४०१, परवानगी नाही. नवखे लोक लॉगमध्ये हा आकडा पाहून घाबरतात, पण खऱ्या मालकालाही पहिलं उत्तर हेच मिळतं. त्या नकारासोबत ॲस्टरिस्क एक ताजी, एरवी निरुपयोगी अक्षरमाळ पाठवतं. फोन ती घेतो, तिच्यात स्वतःचं नाव आणि आमचा शब्द कालवतो, एमडी५ नावाच्या गणितातून काढतो आणि हाती आलेली ३२ अक्षरं परत पाठवतो. इकडे ॲस्टरिस्क आपल्या फाइलीतला शब्द घेऊन तेच गणित करतं. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. म्हणजे शब्द स्वतः वायरवरून कधी जातच नाही. त्याला ओळखत असल्याचा पुरावा तेवढा जातो आणि ताज्या अक्षरमाळेबरोबर तो पुरावाही बदलतो. मुदत संपत आली की फोन पुन्हा हजेरी लावतो, रात्रीसुद्धा, ऑफिसला कुलूप असताना.

एमडी५ हे १९९२चं गणित, आता म्हातारं झालंय. वायरवरचे प्रश्न-उत्तर कुणी चोरून टिपले तर तो घरी बसून एकेक अंदाज लावून बघू शकतो. तिथे फक्त शब्दाची लांबी कामाला येते. २४ अक्षरांच्या अशा शब्दाच्या शक्यता मोजल्या तर २९ आकडी संख्या येते. चार आकडी शब्दाच्या शक्यता दहा हजार. हा फरक मला कुणालाही समजावून सांगायला आवडतो, आणि मी सांगतोही.

ॲस्टरिस्क १९९९मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या तरुणाने लिहायला घेतलं. स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी फोनयंत्रणा विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून. लिहिलं आणि सगळ्यांना खुलं केलं. जुन्या 'सिप डॉट कॉन्फ' फाइलीत या शब्दाचं नाव 'सिक्रेट' होतं आणि फोनच्या बाकीच्या कारभारासोबत तो एकाच खोलीत दाटीने राहायचा. ती जुनी पद्धत २०२३च्या २१व्या आवृत्तीत काढून टाकली. आता फोनची वागणूक एका भागात, त्याचा पत्ता दुसऱ्यात, आणि शब्दाला 'ऑथ' नावाची स्वतःची खोली. मला हे आवडलं. ज्याच्यावर एवढी जबाबदारी आहे त्याला स्वतंत्र दार हवंच.

आताचा शब्द तिथे यायच्या आधी मी एक वेगळा ठेवला होता. चिन्हाबिन्हांनी भरलेला, भक्कम दिसावा म्हणून. त्यात मधोमध एक अर्धविराम होता. फोन काही केल्या नोंदला जाईना. वायर बदलली, स्विच बंद करून चालू केला, शब्द तीनदा चिकटवून पाहिला. शेवटी आठवलं की ॲस्टरिस्कच्या फाइलीत अर्धविरामाच्या पुढचं सगळं टिपण समजून सोडून दिलं जातं. म्हणजे फोन पूर्ण शब्द सांगत होता आणि ॲस्टरिस्कच्या लेखी तो अर्ध्यातच संपत होता. दोघंही खरं बोलत होते. तेव्हापासून मी फक्त अक्षरं आणि आकडे घेतो, आणि लांबी वाढवतो.

याआधी मी ज्या ऑफिसचं काम बघायचो तिथे १०१चा पासवर्ड १०१ होता आणि यंत्र ५०६० या पोर्टावर थेट इंटरनेटला उघडं होतं. असं दार रात्रंदिवस कुणी ना कुणी ठोठावत असतं. स्वयंचलित प्रोग्राम १००, १०१, १०२ अशी नावं घेत जातात आणि तेच आकडे पासवर्ड म्हणूनही टाकून बघतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना १०१ सापडला. रिकाम्या ऑफिसातून रात्रभर परदेशात फोन जात राहिले. सुट्टीनंतर बिल आलं तेव्हा टेलिफोन ऑपरेटर बाई रडायला लागल्या, आपल्यावर आळ येईल म्हणून. त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आता मी दक्षता घेतो. एखाद्या पत्त्यावरून शब्द पाचदा चुकला की फेल२बॅन नावाचा प्रोग्राम त्या पत्त्याला बाहेर काढतो. ॲस्टरिस्कची एक सवय तर मला फार मोलाची वाटते : नाव चुकलं काय किंवा शब्द चुकला काय, ते एकच उत्तर देतं. घरात कोण राहतं हे दारावर उभ्या असलेल्या अनोळख्याला कळूच देत नाही. फाइलीत शब्द उघडाच लिहिलेला असतो, म्हणून ती फाइल वाचायचा हक्क ॲस्टरिस्कला आणि मला, बाकी कुणाला नाही. १०७वर एका वेळी एकच फोन नोंदला जाईल, हेही लिहून ठेवलंय.

परवा दुपारी वीज गेली आणि बॅटरीनेही मान टाकली. पाऊण तासाने वीज आली. मी जिन्याखाली वाकून लॅपटॉप जोडला आणि पाहत बसलो. १८ फोन एकदम जागे झाले, एकदम विचारू लागले, आणि सगळ्यांना नकार गेला. मग एकेक उत्तर यायला लागलं. १०३. ११२. १०१. मधे बरीच नावं. १०७ उशिरा आला, त्याचा फोन मुळातच सावकाश चालू होतो. त्याच्यापुढे 'मोकळा' असं उमटलं तेवढ्यात वर वसुलीच्या टेबलावर ताईंनी रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचं नेहमीचं, "हॅलो, नमस्कार, हप्त्यासंबंधी बोलायचं होतं."