बंबाची राख

या वेळी रेसिपी नाही आणि सहलही नाही. एका जुन्या मशीनची साफसफाई, एवढाच विषय आहे.

माझा एक कॉलेजमित्र गेल्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतून कायमचा परत आला. त्याच्या सामानात चाकांवरचा एक काळा, पिंपासारखा प्रकार होता : पेलेट स्मोकर. बंगळुरूला त्याला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि तिथे गॅलरीत काही पेटवायला सोसायटीची मनाई. पावसाळाभर ते धूड त्याच्या आईवडिलांच्या व्हरांड्यात पडून राहिलं आणि नोव्हेंबरात लोडिंग ऑटोत बसून आमच्या अरेरा कॉलोनीतल्या मागच्या अंगणात आलं. आईने एकदा बघितलं आणि विचारलं, "हे किती दिवस राहणार आहे?"

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घरं गरम ठेवायला हे इंधन पुढे आलं आणि १९८० च्या दशकात ओरेगॉनमधल्या जो ट्रेगर यांनी त्यावर चालणारी ही शेगडी काढली. बाजूच्या पेटीत गोळ्या भरायच्या. खालचा स्क्रू त्या हळूहळू वाटीएवढ्या लोखंडी भांड्यात ढकलतो. तिथे एक रॉड तापून लाल होतो, गोळ्या पेटतात आणि छोटा पंखा त्यांना वारा घालतो. सेन्सर आतलं तापमान सांगतो, कंट्रोलर त्याप्रमाणे स्क्रू फिरवतो. सॉफ्टवेअरवाल्याला मोह पडावा असंच यंत्र.

डिसेंबरातल्या एका रविवारी मुहूर्त केला. बिट्टन मार्केटमधून भरताची वांगी आणली, आईने बाफल्यांचं पीठ मळलं. मी मशीन सुरू केलं. पेटेना. बंद करून परत सुरू केलं, तरी पेटेना. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर पांढरा-पिवळा दाट धूर निघायला लागला, मग आत भक्कन जाळ झाला आणि झाकण वीतभर उचललं गेलं. माझ्या भुवया थोडक्यात वाचल्या. धूर मात्र थंडीच्या हवेत वर जाईना. तो अंगणातच रेंगाळला आणि सरळ आत्याच्या खोलीत शिरला.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री आत्या आणि काका भोपाळ स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होते. आत्या तेव्हा पंचविशीत होती. त्या रात्रीबद्दल ती बोलत नाही, आम्हीही विचारत नाही. तेव्हापासून तिची छाती अशीच आहे. काका गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. मागची खोली तिने स्वतःच मागून घेतली, कारण तिथून कढीपत्त्याचं झाड दिसतं.

मी धावत गेलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला वाकून बसली होती. आईने इन्हेलर हातात दिला. दहा-पंधरा मिनिटांनी श्वास लागी लागला. मी सॉरी म्हणालो. तिने नुसती मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. पुढचे कितीतरी दिवस ती खिडकी उघडलीच नाही.

मशीन विकून टाकायचं असं मी ठरवलं होतं. पण विकायचं तरी धड करून विकावं म्हणून कारण शोधायला बसलो. इंजिनिअर असल्यामुळे मला मोठंच कारण सापडलं. मशीन अमेरिकेचं, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालणारं. मी ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं होतं, पण ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे स्क्रूची मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरणार, पंखाही हळू. मी तीन रविवार त्याचीच गणितं मांडत होतो. बाबा भेलमधून निवृत्त झालेले. ते चहा पीत ऐकून घ्यायचे.

तिसऱ्या रविवारी आत्या काठी टेकत अंगणात आली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "झाकण काढ बघू." मी काढलं. तिने आत डोकावून विचारलं, "राख कधी काढली होती?"

मला माहीतच नव्हतं. मित्राला मेसेज केला. उत्तर आलं, "बहुतेक टेक्सासमध्ये."

"अरे, हा तर बंबच की," आत्या म्हणाली. ग्वाल्हेरला लष्करच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत बंबफोड टाकायची, खालच्या जाळीतून हवा जायची, भोवतीचं पाणी तापायचं. राख काढायचं काम धाकट्या मुलीकडे, म्हणजे तिच्याकडे. "जाळी बुजली की हवा मिळत नाही. मग जाळ नाही, नुसतं धुमसतं. आधी राख काढ. तुझं ते हर्ट्झ नंतर बघू."

मग आम्ही कामाला लागलो. मी हात काळे करणारा, बाबा पाना-स्क्रूड्रायव्हरवाले, आत्या खुर्चीवरून सूचना देणारी. पहिल्यांदा प्लग काढला. जाळ्या, तेल गळायचा पत्रा आणि आगीवरचं झाकण काढलं. खालचं भांडं राखेने काठोकाठ भरलेलं, त्याची भोकं बंद, रॉड राखेत गाडलेला. म्हणून गोळ्या पेटत नव्हत्या. मी दर वेळी नव्याने सुरू केलं तेव्हा स्क्रूने आणखी गोळ्या टाकल्या आणि शेवटी सगळा ढीग एकदम भडकला. चूक मशीनची नव्हतीच.

राख व्हॅक्यूमने ओढून घेतली. तिच्यात निखारा नाही याची खात्री आधी करायची. आतला निखारा कित्येक तास जिवंत राहू शकतो. म्हणून राख प्लास्टिकच्या डब्यात टाकायची नाही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच. पत्र्यावर आणि गळतीच्या पन्हाळीत जुन्या मालकाच्या पार्ट्यांची चरबी थिजली होती. ती लाकडी उलथन्याने खरवडली. आग लागते ती अशाच चरबीला. सोबत आलेला तारेचा ब्रश बाबांनी फेकून दिला. त्याची तार तुटून जाळीवर राहिली तर पोटात जाते. सेन्सरवर काजळीचा थर होता. तो ओल्या फडक्याने पुसला, कारण काजळीखालचा सेन्सर चुकीचं वाचतो आणि कंट्रोलर बिचारा त्यावरच विश्वास ठेवतो. चिमणीही खरवडली. आत पाणी मात्र मारलं नाही.

सगळ्यात चिवट निघाला स्क्रू. पावसाळ्यातल्या दमट हवेने गोळ्या फुगून त्यात सिमेंटसारख्या बसल्या होत्या. तो बाहेर काढून टोकरायला बाबांना आणि मला अख्खी दुपार लागली. आता गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात आणि काम झालं की पेटी रिकामी होते. गोळ्या स्वयंपाकासाठी बनवलेल्याच घेतो. बॉयलरसाठीच्या स्वस्त मिळतात, पण त्यांत काय काय दाबलेलं असतं कोण जाणे.

पुढच्या रविवारी मशीन अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. आत्याला समोरच्या खोलीत बसवलं. काही न ठेवता पाऊण तास २०० डिग्रीवर नुसतं तापवलं. सुरुवातीची पाच मिनिटं पांढरा धूर आला, मग तो विरळ होत होत निळसर झाला आणि शेवटी नीट बघितल्याशिवाय दिसेना. हर्ट्झचा फरक आहेच, पण कंट्रोलर स्क्रू थोडा जास्त वेळ फिरवून तो भरून काढतो.

मशीन विकलं नाही. पण घरचे नियम झाले आहेत. दर वापरानंतर, सगळं गार झाल्यावर राख निघते. वारा आत्याच्या खोलीकडे असेल तर पेटवायचं नाही. हवा साचून राहते अशा थंडीच्या संध्याकाळी तर नाहीच, मग पाहुणे का येईनात. धूर कितीही निळसर असला तरी तो धूरच, आणि तिच्या छातीला तो कळतो.

मार्चमधल्या एका दुपारी वांगी ठेवली होती. वारा तळ्याकडे जात होता. मी राखेचा डबा घेऊन मागे वळलो, तर आत्याची खिडकी उघडी होती. ती आतून म्हणाली, "थोडी राख कढीपत्त्याला घाल. जास्त नको."

तुमच्या घरी माळ्यावर बंब पडला असेल, तर तो कोण घासायचं हे एकदा विचारून बघा. बरंच काही कळेल.