नुसत्या खसखशीचे वडे

खसखशीचे वडे, आणि त्यात बेसन नाही, बटाटा नाही, उडदाची डाळसुद्धा नाही, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मती गुंग झाली. आमच्या नागपूरकडच्या घरात खसखस म्हणजे चिमटीचा जिन्नस. दिवाळीत अनारसा तिच्यावर थापायचा, करंजीच्या सारणात चमचाभर भाजून घालायची, रश्श्याच्या वाटणात थोडी टाकायची, बस्स. वाटीभर खसखस एकाच पदार्थात संपवायची हेच मनाला पटेना. शिवाय एवढे बारीक दाणे एकमेकांना धरून कसे राहणार, हा प्रश्न होताच.

पण छत्तीसगडमधल्या भिलाईत राहायचं तर शेजारच्या ताटातले पदार्थ परके राहत नाहीत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली. सेक्टरमधल्या क्वार्टरांच्या एकाच ओळीत तेलुगू, मल्याळी, ओडिया, पंजाबी, बंगाली आणि आम्ही मराठी, अशी बिऱ्हाडं नांदली. आमच्या शेजारच्या काकीमा मूळच्या बांकुड्याच्या. बांकुडा, पुरुलिया, बीरभूम हा बंगालचा पश्चिमेकडचा, तांबड्या मातीचा, कडक उन्हाळ्याचा भाग. तिथलं जेवण पोस्तोशिवाय, म्हणजे खसखशीशिवाय, पुरं होत नाही. बटाट्यात पोस्तो, दोडक्यात पोस्तो, आणि मोहरीचं कच्चं तेल, कांदा, मिरची घालून भाताशी कालवलेला नुसता वाटलेला पोस्तोही. वडे म्हणजे ‘पोस्तोर बडा’. ते शिकवा, असं मी काकीमांना म्हटलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘‘पाटा है घर में, बोउमा?’’

पाटा होता. खसखस मात्र शंभर ग्रॅम आणली आणि तिची किंमत ऐकून मन कचरलं. ती इतकी महाग का, हे खसखस भिजत असताना काकीमांकडून आणि नंतर वाचून कळलं. अफूच्या बोंडातला चीक काढून घेतल्यावर बोंड वाळतं आणि आत उरतं ते हे बी. बियांमध्ये नशेचा अंश जवळजवळ नसतो. म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात बोंडांवर बंधन आहे, बियांना त्यातून वगळलं आहे. पण बी हवं तर झाड लावावं लागणार, आणि झाडाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो मिळतो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक जिल्ह्यांत. मंदसौर, नीमच, चितोडगड ही त्यातली नावाजलेली. बाकीची खसखस परदेशातून येते, त्यात तुर्कस्तानचा वाटा मोठा.

म्हणजे जे लोक सर्वांत जास्त पोस्तो खातात, त्यांच्या शेतात तो पिकवता येत नाही. २०२३ मध्ये ममता बॅनर्जींनी विधानसभेत हीच तक्रार मांडली होती. बांकुडा-बीरभूमच्या या राढ भागात खसखस रुजली कशी, याबद्दल एक गोष्ट सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगाल-बिहारच्या अफूवर मक्तेदारी बसवली. अफू कंपनीच्या कोठारात आणि तिथून चीनच्या वाटेला गेली. मागे राहिलेल्या बिया गरीब घरांतल्या बायकांनी वाटून भाताबरोबर वाढल्या. जो जिन्नस एकेकाळी फुकटात उरत होता, तो आज सणासुदीला मोजून आणावा लागतो. हे ऐकल्यावर समोरच्या भांड्यातली खसखस मला वेगळीच दिसायला लागली.

आता कृतीकडे. पहिला गोंधळ धुण्याचा. खसखशीत बारीक रेती असते आणि नेहमीच्या गाळणीतून दाणेच निसटतात. काकीमांनी ती मोठ्या पातेल्यात पाणी घालून रोळायला लावली. दाणे पाण्याबरोबर वर येतात, रेती तळाशी बसते; वरचं पाणी दाण्यांसकट मलमलच्या फडक्यावर ओतायचं. मग दोन-तीन तास भिजवायची आणि पुन्हा फडक्यात बांधून पाणी पूर्ण निथळू द्यायचं.

दुसरा गोंधळ वाटण्याचा, आणि सगळं यश इथेच आहे. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात भिजलेले दाणे पात्याखालून उडून कडेला चिकटतात आणि अख्खेच राहतात. मिक्सरच वापरायचा असेल तर भिजवण्याची वाट सोडून कोरडी खसखस चटणीच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून दळायची, मग चमचा-चमचा पाणी घालायचं. आम्ही पाट्यावर वाटली. हिरव्या मिरच्या आणि मीठ घेऊन वरवंटा फिरवत राहिलं की आधी दाणे नुसते सरकतात, काहीच होत नाहीसं वाटतं. हळूहळू रंग पांढरा होतो, वास सुटतो, आणि वाटण लोण्यासारखं पाट्याला धरायला लागतं. खसखशीत निम्म्याच्या आसपास तेलच असतं; बी फुटलं की ते बाहेर येतं आणि वाटण आपोआप चिकट होतं. मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. मी पाण्याकडे हात नेला की काकीमा म्हणायच्या, ‘‘पानी नहीं, हाथ चलाओ.’’

तिसरा गोंधळ मतभेदांचा. पलीकडच्या ब्लॉकमधल्या बंगाली वहिनी चमचाभर तांदळाचं पीठ घालतात, कुणी ओलं खोबरं, कुणी कलौंजी. काकीमांच्या घरी यातलं काहीच नाही: बारीक चिरलेला कांदा, मिरचीचे तुकडे, चिमूटभर साखर. कांदा अगदी शेवटी घालायचा, कारण मिठामुळे त्याला पाणी सुटतं आणि वाटण सैल होतं. दोन्ही प्रकार खाऊन पाहिल्यावर माझं मत बिनपिठाच्या बाजूने पडलं. पिठाने वडा कडक होतो खरा, पण खसखशीची गोडसर, दाणेदार चव मागे पडते.

तळणं सोपं, पण धीराचं. पसरट तव्यात तीन-चार चमचे मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवायचं, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. मग आच मंद करायची. ओल्या तळहातावर छोटे चपटे वडे थापून अलगद सोडायचे. खालची बाजू खरपूस होऊन स्वतः तव्यापासून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं लागतात. शंभर ग्रॅममध्ये आठ-दहा वडे होतात. बाहेर कुरकुरीत तांबूस कड, आत मऊ, पांढरा गाभा.

बांकुड्यात हे वडे गरम भात आणि आलं-बडीशेप घातलेल्या उडदाच्या वरणाबरोबर खातात, उन्हाळ्यात रात्री पाण्यात भिजवलेल्या पांता भाताबरोबर. तोच भात छत्तीसगडमध्ये ‘बोरे बासी’ म्हणून खातात. २०२२ मध्ये राज्य सरकारने कामगार दिनाला बासी खाण्याची हाक दिली होती. मे महिन्याच्या दुपारी थंड बासी, कच्चा कांदा आणि गरम पोस्तोचा वडा, हे जेवण मला बंगाल आणि छत्तीसगड दोघांचं वाटतं, आणि आता आमच्या मराठी घराचंही.

करून पाहणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. खसखस ताजी, पांढरी घ्या आणि हुंगून घ्या. जुनी असेल तर तेलाचा खवट वास येतो आणि मग कशानेही चव सुधारत नाही. पहिल्या वेळी पीठ घालू नका. दुबई किंवा सिंगापूरच्या नातेवाइकांसाठी खसखस, किंवा हे वडे, सामानात बांधू नका. तिथे त्यावर कायद्याचं बंधन आहे. आणि महाग म्हणून हात आखडू नका. वर्षातून दोनदाच करा, पण पूर्ण वाटीभर खसखशीचे करा.