मॉरिशसच्या रस्त्यांवर

आमचें बेसा नागपूरच्या दक्षिण कडेला. शहरांत जावयाचें म्हणजे ऑटोवाल्याशीं घासाघीस ठरलेली. त्यामुळें वाहनशास्त्रांत आपण पारंगत आहोंत, असा माझा समज होता. तो मॉरिशसमध्यें गळून पडला.

गेल्या वर्षीं पत्नीसह तेथें जाण्याचा योग आला. हें बेट इंग्रजांनीं १८१० सालीं फ्रेंचांपासून घेतलें. म्हणून गांवांचीं नांवें पुष्कळशीं फ्रेंच, पण वाहनें आपल्यासारखीं डाव्या बाजूनें चालतात. आगगाडीची उतारू-वाहतूक १९५६ सालीं बंद पडली. पोर्ट लुईहून निघणारी मेट्रो २०२२ सालीं क्यूरपीपपर्यंत पोहोंचली खरी, तथापि तिच्या मार्गाबाहेर मोटार, टॅक्सी व बस हींच तीन साधनें.

पहिले दोन दिवस जांवयांनीं भाड्याची मोटार चालविली. दोहों बाजूंस उंसाचीं शेतें. चौकाऐवजीं जागोजाग वर्तुळ, व त्यांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं वाट देण्याचा नियम. प्रवास सुखाचा झाला. परंतु काचेआडून देश पाहिला, माणसें नाहींत.

पुढें आम्हीं दोघेंच टॅक्सीनें निघालों. भाडें आधीं ठरवावें, हा तेथील मुख्य नियम. मीं संकोचानें विचारलें नाहीं; उतरतांना तो पाठ रोख पैसे मोजून शिकलों.

तिसऱ्या वेळीं बस धरली. कंडक्टरनें दिलेलें तिकीट उतरेपर्यंत जपावें लागतें, कारण तपासनीस मध्येंच चढतो. आजीबाई भाजीच्या पिशव्या सांवरीत शेजारीं बसल्या, आणि देश प्रथमच जवळ आला. मात्र खेड्यांतल्या गाड्या संध्याकाळीं लौकर थांबतात, हें आम्हीं ध्यानांत घेतलें नव्हतें. एका देवळापाशीं रेंगाळलों आणि शेवटची बस गेली. अंधार पडूं लागला. पत्नीचा चेहरा उतरला. क्रिओल भाषेचा एक शब्दही आम्हांस येत नव्हता.

इतक्यांत एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. पत्नीचें मंगळसूत्र पाहून त्यांनीं सावकाश विचारलें, “तुमी महाराष्ट्रांतून आलांत?” त्यांचे पूर्वज कोंकणांतून उंसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले, मराठी ते शाळेंत शिकले. त्यांनीं पुतण्याची मोटार बोलावून आम्हांस मुक्कामावर पोहोंचविलें. मी, यावेळीं विसरतां, भाडें विचारलें. ते म्हणाले, “माझे पणजोबा आले ते परत गेलेच नाहींत. तुमाला तरी घरीं पोहोंचवूं दे.”

दुसऱ्या दिवशीं पोर्ट लुई येथें आप्रवासी घाट पाहिला. मजूर जेथें उतरत, तें हें ठिकाण २००६ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथील दगडी पायऱ्यांवर मी बराच वेळ उभा होतों.

वाचकहो, परदेशीं भाडें आधीं ठरवा, तिकीट जपा, शेवटच्या बसची वेळ विचारा. आणि आपल्या गांवींही एक करा. बेसा चौकांत सायंकाळीं कोणी परका वाहनाची वाट पाहत उभा दिसला, तर त्यानें विचारण्यापूर्वींच मी आतां त्याची चौकशी करतों.