पवनारच्या अंगणातल्या सायकली

नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की बुटीबोरी, केळझर, सेलू मागे पडते आणि वर्धा आठ-नऊ किलोमीटर राहिले असताना पवनार येते. धाम नदीच्या काठचे हे गाव. बाहेरगावचे लोक इथे उतरतात ते विनोबांचा आश्रम पाहायला. मी उतरतो तो ताईच्या घरी जायला. ताईला इथे देऊन पंचवीस वर्षांवर काळ झाला. नागपूरच्या कचेरीतली फाईल शनिवारी मिटली की वर्षातून दोन-तीनदा तरी मी इकडे येतो.

पवनार जुने गाव आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. याच वाकाटक घराण्यात प्रभावतीगुप्ता नावाची राणी होऊन गेली. मुले लहान असताना तिने स्वतः राज्यकारभार चालवला. तिचे ताम्रपट आजही पुरावा म्हणून उभे आहेत. पुढे १९५९ साली विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, तेही स्त्रियांसाठी. विनोबांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत, ते आपण लपवत नाही. परंतु त्यांच्याच प्रेरणेने १९६७ साली चार स्त्रिया बारा वर्षांच्या पदयात्रेला निघाल्या, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. सोबत पुरुष नाही, गाडी नाही, असा देश पायाखाली घालायचा म्हणजे साधे काम नव्हे.

राणीची गोष्ट लिहिली गेली, आश्रमातल्या बहिणींचीही लिहिली गेली. पण रोज सकाळी कॅरिअरला डबा बांधून सायकलवर कामाला जाणाऱ्या बाईची गोष्ट कोणी लिहीत नाही. ती आज लिहितो.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळी ताईच्या अंगणात बचत गटाची बैठक होती. मी पोहोचलो तेव्हा भिंतीला ओळीने सायकली टेकवलेल्या. मी सहज म्हणालो, "ताई, सायकलचे दुकान टाकले की काय?" बायका हसल्या. बारावी होऊन वर्ध्याच्या कॉलेजात जाणारी भाची पुढे झाली आणि म्हणाली, "मामाजी, एकेकीची ओळख करून देतो, बसा."

पहिली ताईची. बावीस इंची, दांडीची, जुनी घेतलेली जेन्ट्स सायकल. ताई शेजारच्या गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. वयाची अडतीस वर्षे उलटल्यावर ती सायकल शिकली. मी विचारले, लेडीज का नाही घेतली? तर म्हणाली, "कॅरिअरवर पोतं ठेवतो, दांडीवर लेकरू बसते. लेडीजले दांडीच नसते, तं लेकरू कुठं बसवू?"

दुसरी भाचीची. पुढे जाळीची टोपली असलेली लेडीज सायकल. बचत गटातून कर्ज काढून घेतली आणि दहा हप्त्यांत फेडली. तिसरी शेजारच्या सुनेची. ही तिला माहेरी शाळेत असताना मिळालेली. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. पूर्वी ३५०० रुपये मिळत, २०२२ साली ती रक्कम ५००० रुपये झाली. सून म्हणाली, "लग्नात बाबांनी विचारले, काय देऊ? मी म्हणालो, माही सायकल द्या." भांड्याकुंड्यांच्या आधी तिची सायकल सासरी आली.

चौथी आशाताईंची. घरोघर फिरून गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाला लेकरे गोळा करायची, हे त्यांचे काम. पेट्रोलची गाडी परवडत नाही आणि पायी वेळ पुरत नाही. पाचवी एक साठीची आजी होती. तिच्याकडे सायकल नव्हती. ती ताईच्याच सायकलवर शिकत होती आणि दोन्ही ढोपरांवर पट्ट्या बांधून बसली होती.

मग प्रत्येकीने आपापला पल्ला सांगितला. आजी म्हणाली, "मले पुलापर्यंत जाऊ द्या, बस." सुनेला बावीस किलोमीटरवरच्या माहेरी एकदा कोणालाही न विचारता, बसची वाट न पाहता जायचे आहे. आशाताईंना दोन्ही वस्त्या दुपारच्या आत उरकायच्या आहेत आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंट भरती असला तर स्वतः जाऊन पाहून यायचे आहे. ताईला वर्ध्याचा विश्वशांती स्तूप गाठायचा होता. जपानच्या फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला तो पांढरा स्तूप १९९३ सालापासून तिथे आहे, पण ताई तिथे गेली ती नेहमी कोणाच्या तरी मागे बसून.

भाची शेवटी बोलली. "मले दीक्षाभूमीले जायचे आहे. सायकलनं. एका दिवसात."

पवनार ते नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर. मी मनात हिशेब केला. ताशी बारा किलोमीटर धरले तरी सहा तास, विश्रांतीसह आठ. पोरीने वहीत आधीच सगळे मांडले होते. पहिले दोन आठवडे रोज वर्ध्याला जाऊन-येऊन, मग रविवारी सेलू, मग केळझर गाठून परत, मग बुटीबोरी. कुठे पाणी भरायचे, कुठे पंक्चरवाला बसतो, हेही लिहिलेले. सीट किती उंच हवी तेही तिला ठाऊक होते. पायडल तळाला गेले की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आपल्या बायका सीट खाली घेतात, मग गुडघे दुखतात आणि दोष सायकलला लागतो. चाकात हवा कमी असली तर दम लवकर लागतो, म्हणून ती दर शनिवारी हवा पाहते आणि चेनला तेल देते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातील पुनवटची प्रणाली चिकटे ही शेतकऱ्याची मुलगी ऑक्टोबर २०२० मध्ये पर्यावरणाचा संदेश घेऊन सायकलवर महाराष्ट्र फिरायला निघाली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी १४ देशांतून सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवली, तेही १५९ दिवसांत. भाचीने ही दोन्ही नावे मला सांगितली. "त्यांच्यापुढे सत्तर म्हणजे काय, मामाजी?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बैठक उठली, बायका घरी गेल्या आणि खरा विषय निघाला. भाच्याला वर्ध्याच्या एका दुकानात काम लागले होते. सकाळी नऊला हजर राहायचे, रात्री आठ-नऊला सुटायचे. रात्री बसचा भरवसा नाही. भाऊजी म्हणाले, "पोरीची सायकल त्याले देऊन टाकू. बाईमाणसाले बसमध्ये अर्धं तिकीट आहे. तिचे कॉलेज बसनं होते." २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे हे खरे. पण बस वेळेवर आली पाहिजे, थांबली पाहिजे, आत पाय ठेवायला जागा पाहिजे. पहिला तास बुडाला की दुसऱ्याचे मन राहत नाही. आणि एकदा दिलेली सायकल महिन्याने परत येते, असे मी तरी कुठे पाहिलेले नाही.

भाची काही बोलली नाही. वही मिटून आत गेली. ताईने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला ओळखीची होती.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर. बाबांची एक ॲटलस सायकल होती. ताई माझ्याहून एका वर्षाने मोठी. आठवीचे वर्ष ती त्याच सायकलवर कैची मारत शाळेत गेली, दांडीखालून पाय घालून, एका अंगाला झुकून. पुढच्या वर्षी, म्हणजे १९९२ साली, मी सातवी पास झालो. सायकल एक आणि शिकणारे दोघे. आई म्हणाली, डबलसीट जा. चार दिवस गेलो. वाटेत पोरे चिडवायला लागली. पाचव्या दिवशी मी ताईला म्हणालो, तू उतर, मला लाज वाटते. आठवडाभर ती पायी आली. मग घरात ठरले, पोरीची जात, किती शिकणार? ताईची शाळा सुटली. मी त्याच सायकलवर दहावी झालो, पुढे बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो. कार्यकर्ता म्हणून मुलींच्या शिक्षणावर मी अनेक सभांतून बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. ही गोष्ट मात्र आजवर एकाही सभेत सांगितली नाही.

ज्या १९९२ साली मी ताईला सायकलवरून उतरवले, त्याच साली तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात काय चालले होते ते मला फार उशिरा कळले. साक्षरतेच्या चळवळीत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम घातला. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या बाया, साऱ्या शिकल्या. १९९२ मध्ये ७० हजारांहून अधिक बायकांनी जाहीरपणे सायकल चालवून दाखवली. बाजारात लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी जेन्ट्स घेतल्या. काहींना तीच बरी वाटली, कारण दांडीवर लेकरू बसते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवले आहे. ताईने पुदुकोट्टईचे नावही ऐकलेले नव्हते, पण तिचा अनुभव तोच निघाला.

बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा परिणाम तपासला, तेव्हा त्या वयाच्या मुलींचे शाळेत दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले आढळले. जिथे हायस्कूल लांब, तिथे फायदा जास्त. म्हणजे आपल्या मुलींना डोके कमी नव्हते, शाळा लांब होती.

रात्री जेवताना मी भाऊजींना वर लिहिलेली गोष्ट सांगितली. भाच्यासमोर सांगितली. ताई भाकर थापत होती, तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नव्हतो. थोड्या वेळाने ती एवढेच म्हणाली, "माही गेली तं गेली. पोरीची नाही जाऊ देत." भाऊजी तसे समजूतदार माणूस. ते म्हणाले, "पण पोराने कामावर जावे कसे?" प्रश्न खरा होता. पोराचे कामही घराला हवेच होते.

बाबांची ॲटलस आमच्या गावच्या घरी माळ्यावर पडून होती. मी म्हणालो, ती आणतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पहाटे बायका निघाल्या आणि मीही आशाताईंच्या घरातली एक सायकल मागून घेऊन सोबत गेलो. थंडी होती, धामवर धुके होते. आजी पुलापर्यंत आली, उतरली, आणि जग जिंकल्यासारखी परत फिरली. रस्ता आता चौपदरी आहे, ट्रक भरधाव जातात. म्हणून भाचीने सगळ्यांना एकामागे एक, पांढऱ्या पट्ट्याच्या आतून चालवायला सांगितले. याच भागातून नवा समृद्धी महामार्गही जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर सायकलला परवानगी नाही. वेगाचा रस्ता आहे, कारण समजू शकते. पण जुन्या रस्त्याच्या कडेला सायकलपुरती वेगळी पट्टी कोणी आखून दिली असती तर या पोरीबाळींचा जीव मुठीत राहिला नसता. ग्रामपंचायतीने आणि बांधकाम खात्याने हे मनावर घ्यावे.

मी सर्वांत मागे राहिलो. खुर्चीवर बसून बसून छाती भरून येते. ताई दोनदा थांबून म्हणाली, "भाऊ, दमला काय? बस, डबलसीट नेतो." मी हसलो, पण डोळ्यांत पाणी आले. स्तूपापाशी पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते. चार दिशांच्या चार बुद्धमूर्ती पाहत ताईने एक फेरी घातली आणि पायरीवर बसून डबा उघडला. स्वतःच्या पायांनी ती पहिल्यांदाच इथे आली होती.

पंधरा दिवसांनी ॲटलस पवनारला पोहोचली. टायर-ट्यूब नवे, चाकांचा आऊट काढलेला, ओव्हरऑइलिंग केलेली. भाचा आता तिच्यावर कामाला जातो. पण टेम्पोतून उतरवल्यावर पहिली फेरी ताईने मारली. कैची नव्हे, सीटवर बसून. वही भाचीजवळच आहे आणि परवा फोनवर म्हणाली, केळझर झाले.

आपल्या घरोघरी अशी एखादी सायकल आहे. पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, किंवा पोराला काम लागले, की ती हळूच हलवली जाते. कोणी भांडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. माझी एवढीच विनंती आहे. ती हलवण्याआधी एकदा पोरीला विचारा, तुला कुठपर्यंत जायचे आहे? ती जो पल्ला सांगेल तो वहीत लिहून घ्या, आणि पोरासाठी दुसरी सायकल शोधा.